भांडण कुठं संपतं आणि छळ कुठं सुरू होतो? शेजारणीला, लेकीला, बहिणीला साथ कशी द्यायची

भिंगार : "नवरा-बायकोचं भांडण आहे, आपण कशाला मधी पडायचं?" भिंगारच्या गल्लीत असो, नागरदेवळे-दरेवाडीच्या वस्तीवर असो की पाथर्डी रोडच्या कडेच्या एखाद्या मळ्यात, रात्री शेजारून आरडाओरडा ऐकू आला की हेच वाक्य निघतं. दाराची कडी लावली जाते, टीव्हीचा आवाज वाढवला जातो. सकाळी ती बाई नळावर येते, पदर गालावर ओढून. कोणी विचारलं तर सांगते, "मोरीत पाय घसरला."

ती एकटी नाही. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातल्या १८ ते ४९ वयाच्या लग्न झालेल्या बायकांपैकी सुमारे २९ टक्के बायकांनी नवऱ्याकडून कधी ना कधी हिंसा सोसली आहे. म्हणजे दहा घरांमागे जवळपास तीन घरं. त्याच पाहणीतला दुसरा आकडा जास्त विचार करायला लावणारा आहे. हिंसा सोसलेल्या शंभरातल्या ७७ बायकांनी कधी कुणाची मदत मागितली नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. मदत मागणाऱ्या फक्त १४. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

म्हणून पोलीस आणि कोर्ट यांच्या आधी प्रश्न येतो तो शेजारणीचा, जावेचा, भावाचा, आईचा. बाई पहिल्यांदा बोलते ती यांच्यापैकी कुणाशी तरी. त्या वेळी समोरचा माणूस काय बोलला यावर ती पुढं दुसऱ्यांदा तोंड उघडणार की नाही हे ठरतं.

भांडण आणि छळ यात फरक काय?

भांडण कोणत्या घरात होत नाही? कांद्याचा भाव पडला, सोसायटीचं कर्ज थकलं, पोरगं नापास झालं, की आवाज चढतो. भांडणात दोघंही बोलतात, दोघंही रुसतात आणि दोन दिवसांनी दोघंही एका ताटाजवळ बसतात. कोणी कोणाला भीत नाही.

छळात एक जण भितो. बाहेर गाडीचा आवाज आला की बाईच्या छातीत धस्स होतं. भाजीत मीठ कमी पडलं तर काय होईल, माहेरचा फोन आला तर काय होईल, याचा हिशेब ती दिवसभर मनात करत असते. हात उगारला गेला नाही तरी हा छळच आहे. एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी पुष्कळ झालं. आवाज कोणाचा मोठा होता हे विचारू नका, भीती कोणाला वाटते ते बघा.

दारू हे कारण सगळ्यात जास्त सांगितलं जातं. "पिला की असा करतो, एरवी देवमाणूस आहे." पण पिलेला माणूस गावातल्या पैलवानाला मारायला जात नाही, सरपंचाला शिवी देत नाही. तो घरी येऊन बायकोलाच मारतो. म्हणजे कोणाला मारलेलं चालतं हे त्याला पिल्यावरही कळतं. दारू सुटली तर चांगलंच, पण दारू सुटली म्हणजे मार थांबलाच असं धरून चालू नका.

खुणा कशा ओळखायच्या?

मार दिसतो. पण छळाच्या बऱ्याच खुणा अंगावर उमटत नाहीत. घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी लक्ष द्यावं अशा काही गोष्टी :

• माहेरी येणं-जाणं हळूहळू बंद होतं. आधी दिवाळीला चार दिवस, मग एक दिवस, मग "यंदा जमणार नाही." फोनवर बोलताना ती दबकं बोलते किंवा फोन कायम स्पीकरवर असतो.

• मोबाईल तिचा, पण त्यावर नजर दुसऱ्याची. कोणाचा फोन आला, व्हॉट्सॲपवर कोण बोललं याची रोज तपासणी. नवरा तिचं लोकेशन चालू ठेवायला लावतो.

• पैसा तिचा, पण हात दुसऱ्याचा. लाडकी बहीण योजनेचे दीड हजार तिच्या खात्यावर येतात, एटीएम कार्ड मात्र नवऱ्याच्या खिशात. बचत गटातलं कर्ज तिच्या नावावर, पैसे कुठं गेले ते तिला ठाऊक नाही. धारा ती काढते, डेअरीचं पेमेंट दुसऱ्याच्या नावानं.

• चारचौघांत अपमान. पाहुण्यांसमोर "हिला काही अक्कल नाही", रंगावरून, माहेरावरून, मुलगीच झाली म्हणून टोमणे. ती हसून घेते, पण नजर खाली.

• ती सतत परवानगी मागते. ग्रामसभेला यायचं, दवाखान्यात जायचं, बहिणीच्या लेकीच्या लग्नाला जायचं, प्रत्येक वेळी "विचारून सांगते."

• अंगावर व्रण आणि प्रत्येक वेळी नवी सबब. उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा ब्लाउज. दवाखान्यात उशिरा जाणं आणि सोबत कायम नवरा किंवा सासू.

• पोरांत बदल. शाळेत गप्प बसणारं पोर, अंथरूण ओलं करायला लागलेलं पोर, किंवा दुसऱ्यांना मारणारं पोर. घरात काय चाललंय ते पोरं अशी सांगतात.

यातली एखादी खूण दिसली म्हणजे छळ आहेच असं नाही. पण तीन-चार खुणा एकत्र दिसत असतील तर गप्प बसू नये.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत यात आणखी भर पडते. पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातून दरवर्षी अनेक जोडपी कोयता घेऊन बाहेर पडतात. उचल मिळते ती जोडप्याच्या कामावर, मोजून घेतो पुरुष. फडावरच्या खोपीत ना माहेर जवळ, ना ओळखीची शेजारीण. मार पडला तर जायचं कुठं, हेच तिला माहीत नसतं. हंगाम संपून गावाकडं आल्यावर तिची चौकशी करणारं कोणी तरी असलं पाहिजे.

कोणत्या खुणा म्हणजे जिवाला धोका?

सगळ्या खुणा सारख्या नसतात. काही दिसल्या की दिवस मोजत बसू नये.

गळा दाबणं ही त्यातली सगळ्यात मोठी. अंगावर फारसा व्रण राहत नाही, म्हणून घरचे ती हलकी घेतात. अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात दिसलं की ज्या बाईचा जोडीदारानं आधी कधी गळा दाबलेला असतो, तिचा पुढं त्याच्याच हातून खून होण्याचा धोका सुमारे सात पटीनं वाढतो. गळा दाबला असेल तर बाई बरी दिसत असली तरी त्याच दिवशी दवाखान्यात न्यावं. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यात लाल ठिपके, चक्कर ही लक्षणं डॉक्टरांना सांगावीत.

बाकीच्या खुणा : कोयता, कुऱ्हाड, रॉकेल किंवा कीटकनाशकाची बाटली दाखवून धमकी देणं, "तुला मारीन आणि मीपण मरीन" म्हणणं, गरोदरपणात मारणं, पोरांना मारण्याची धमकी, मार पूर्वीपेक्षा वरचेवर पडायला लागणं. आणि बाईच्या तोंडून "आता जगून काय करायचं" असं निघणं. हे वाक्य ऐकल्यावर तिला एकटं सोडू नये.

आणखी एक गोष्ट लोकांना उलटी वाटते. बाई घर सोडायचं ठरवते किंवा सोडते, तो काळ सगळ्यात धोक्याचा असतो. हातातून माणूस सुटतंय म्हटल्यावर छळणारा जास्त चवताळतो. म्हणून "असं आहे तर सोडून का येत नाही?" हा प्रश्न जितका सोपा वाटतो तितका नाही. पैसा नाही, पोरं आहेत, माहेरी भावजय काय म्हणेल ही धास्ती आहे आणि वर जिवाची भीती. निघायचं ते गुपचूप, तयारीनं आणि कोणी तरी सोबत असताना.

ती बोलली तर काय म्हणायचं?

समजा शेजारची सून ताक न्यायला आली आणि ओट्यावर बसून रडायला लागली. बहुतेक ठिकाणी तिला मिळणारी उत्तरं ठरलेली : "आमच्या वेळी याहून जास्त सोसलं." "थोडं दमानं घे." "तू काही तरी बोलली असशील." "पोरांकडं बघून राहा." बोलणारीच्या मनात वाईट नसतं. पण ऐकणारीला यातून कळतं एकच : चूक माझीच आहे आणि इथं बोलून उपयोग नाही.

त्यापेक्षा साधी वाक्यं पुरतात.

"तू सांगतेस ते मला खरं वाटतं."

"यात तुझी चूक नाही. चूक मारणाऱ्याची."

"तुला काय करावंसं वाटतं? मी तुझ्यासोबत आहे."

"हे मी कुणाला सांगणार नाही. पण रात्री-अपरात्री दार वाजव, मी उघडीन."

शेवटचं वाक्य बोललात तर ते पाळावं लागतं. तिनं सांगितलेलं सासूच्या कानावर गेलं तर त्याचा मार तिलाच पडतो. जावेला, भिशीच्या बायकांना, कुणालाच नाही.

तिचा निर्णय तिला घेऊ द्यावा. आज ती तक्रार नको म्हणेल, माहेरी जाईल आणि आठ दिवसांत परतही जाईल. असं दोन-तीनदा झालं की माहेरचे वैतागतात, "आता तुझं तू बघ" म्हणतात. इथंच चूक होते. परत जाणाऱ्या बाईला दार बंद केलं तर पुढच्या वेळी ती येणारच नाही. "गेलीस तरी चालेल, पण कधीही ये" एवढं म्हणून ठेवावं.

नवऱ्याला जाब विचारायला घाईनं जाऊ नये. चार भाऊ गाडीत बसून गेले, दम देऊन आले, तर त्या रात्री घरात ती एकटीच असते. आधी तिला विचारावं, तिची आणि पोरांची राहायची सोय बघावी, मग पुढं.

बैठक बसवून मिटवायचं का?

महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम राज्यात १५ ऑगस्ट २००७ पासून सुरू झाली. बांधाचे, पाण्याच्या पाळीचे, रस्त्याचे कितीतरी वाद गावात बसून मिटले. त्याच सवयीनं बायकोला मारहाणीचं प्रकरणही बैठकीत येतं. पण बांधाचा वाद मिटवून दोघं आपापल्या घरी जाऊन झोपतात. इथं बाईला त्याच माणसाच्या घरात जाऊन झोपायचं असतं. बैठकीत सासरच्या दहा माणसांसमोर तिला विचारलं, "सांग बाई, काय त्रास आहे?" तर ती काय सांगणार?

मग बाँड पेपरवर लिहून घेतात, "यापुढं मारहाण करणार नाही." लिहून घेणाऱ्यांना वाटतं काम झालं. पण त्या कागदाचा भंग हा काही स्वतंत्र गुन्हा ठरत नाही. कोर्टानं दिलेला संरक्षण आदेश मोडला तर मात्र तो दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दोन कागदांत हा फरक आहे. सरपंच, पोलीस पाटील, समितीचे अध्यक्ष यांनी बाईला एकटीला, विश्वासातल्या बाईसमोर विचारावं, आणि मार होत असेल तर मिटवामिटव न करता तिला संरक्षण अधिकाऱ्यापर्यंत पोचवावं.

कायदा काय देतो?

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. मारहाण तर यात आहेच, पण शिवीगाळ व अपमान, लैंगिक जबरदस्ती आणि पैशाची कोंडी हेही हिंसाच धरलं आहे. पगार काढून घेणं, स्त्रीधन विकणं, घरखर्च न देणं ही पैशाची कोंडी. कायदा फक्त बायकोसाठी नाही. आई, बहीण, लेक, विधवा सून, लग्नासारख्या नात्यात सोबत राहणारी बाई, सगळ्यांना लागू आहे. छळणारी सासू किंवा नणंद असली तरी तक्रार करता येते. २०१६ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं ते स्पष्ट झालं आहे.

या कायद्यात पहिला उद्देश कोणाला जेलात टाकणं हा नाही, बाईला वाचवणं हा आहे. मॅजिस्ट्रेट कोर्टाकडून तिला हे मिळू शकतं :

• संरक्षण आदेश : मारायचं नाही, धमकी द्यायची नाही, तिच्या कामाच्या जागी किंवा माहेरी जाऊन त्रास द्यायचा नाही.

• निवास आदेश : घरातून काढायचं नाही. घर ८-अ ला सासऱ्याच्या नावानं आहे म्हणून तिचा राहण्याचा हक्क जात नाही. सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०२० मध्ये हे सांगितलं आहे.

• पैशाची मदत : पोरांचा आणि तिचा खर्च, दवाखान्याचा खर्च.

• मुलांचा तात्पुरता ताबा आणि नुकसानभरपाई.

प्रकरण तातडीचं असेल तर समोरच्याला ऐकायच्या आधीही अंतरिम आदेश देण्याचा अधिकार कोर्टाला आहे. अर्ज आल्यावर साधारण तीन दिवसांत पहिली तारीख आणि ६० दिवसांत निकाल असं कायद्यात लिहिलं आहे. कामाच्या ओझ्यामुळं वेळ जास्त लागतो, म्हणूनच अंतरिम आदेशाची मागणी पहिल्याच अर्जात करावी. अर्ज सासरच्याच तालुक्यात करायला पाहिजे असं नाही. ती सध्या जिथं राहते, माहेरी असो की फडावर, तिथल्या कोर्टातही करता येतो.

हा अर्ज करायला मदत करतो तो संरक्षण अधिकारी. तो महिला व बालविकास विभागाच्या अखत्यारीत येतो. घडलेल्या प्रकाराचा अहवाल लिहून घेणं, वकील मिळवून देणं, दवाखान्यात आणि आसरागृहात पोचवणं ही त्याची कामं आहेत. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सगळ्या राज्यांना जिल्हा आणि तालुका पातळीवर असे अधिकारी नेमायला सांगितलं. संरक्षण अधिकाऱ्याचा अहवाल नसला तरी बाईला थेट कोर्टात अर्ज करता येतो, हेही सुप्रीम कोर्टानं मे २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

फौजदारी बाजू वेगळी आहे. लोक ज्याला "चारशे अठ्ठ्याण्णव" म्हणतात ते कलम १९८३ मध्ये आलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्यावर ते कलम ८५ आणि ८६ झालं. नवरा किंवा त्याच्या नातेवाइकांनी क्रूरपणे वागवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. क्रूरपणा म्हणजे फक्त मार नव्हे, मनाला होणारी गंभीर इजा आणि हुंड्यासाठीचा छळही त्यात येतो.

"बायका खोट्या केसेस करतात" असं चावडीवर हमखास बोललं जातं. केस खरी की खोटी हे कोर्ट पुरावा बघून ठरवतं. अशा गुन्ह्यात पोलिसांनी उठसूट अटक करू नये असं सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्येच सांगितलं आहे. म्हणजे समोरच्यालाही कायद्याचं संरक्षण आहे. एखादी केस खोटी निघाली म्हणून शेजारच्या घरातला खरा मार खोटा होत नाही.

शेजाऱ्यानं कळवलं तर शेजाऱ्यावर बालंट येईल का?

नाही. याच कायद्याच्या कलम ४ नुसार हिंसा झाली आहे, होत आहे किंवा होण्याची शक्यता आहे असं वाटणारा कोणीही माणूस संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो. चांगल्या हेतूनं माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. रात्री मार चालू असेल तर ११२ ला फोन करावा आणि गाव, वस्ती, जवळची खूण नीट सांगावी.

प्रत्येकानं आत घुसून हात धरलाच पाहिजे असंही नाही. कधी कधी दार वाजवून "वहिनी, जरा साखर द्या" एवढं म्हटलं तरी मारणारा हात थांबतो. दोघं-तिघं मिळून जावं. एकट्यानं हत्यार घेतलेल्या माणसासमोर जाऊ नये.

तयारी काय ठेवायची?

बाई लगेच निघणार नसली तरी थोडी तयारी करून ठेवता येते, आणि त्यात शेजारीण किंवा बहीण मोठी मदत करू शकते.

१. कागदपत्रं : आधार, रेशन कार्ड, बँक पासबुक, पोरांचे जन्मदाखले, शाळेचे दाखले, लग्नपत्रिका आणि लग्नातला एखादा फोटो, दागिन्यांच्या पावत्या. मूळ कागद काढता येत नसतील तर फोटो काढून विश्वासातल्या माणसाच्या मोबाईलमध्ये ठेवावेत.

२. पिशवी : एक जोड कपडे, पोरांची औषधं, थोडे सुटे पैसे. घरात नाही, शेजारी ठेवावी.

३. खुणेचा शब्द : "पापड वाळले का?" असा मेसेज आला की शेजारणीनं समजायचं, ११२ ला फोन करायचा.

४. मोबाईल : व्हॉट्सॲपमध्ये "लिंक्ड डिव्हाइसेस" बघावं. तिथं अनोळखी फोन किंवा संगणक दिसला तर तिचं बोलणं दुसरं कोणी वाचतंय. पण ते लगेच काढलं तर त्याला कळेल, म्हणून महत्त्वाचं बोलणं दुसऱ्याच्या फोनवरून करावं.

५. पुरावा : जखमेचे फोटो तारखेसह. सरकारी दवाखान्यात गेल्यावर "पडले" न म्हणता कोणी मारलं ते डॉक्टरांना सांगावं, म्हणजे कागदावर तसं लिहिलं जातं. तो कागद पुढं कोर्टात बोलतो. धमकीचे मेसेज पुसू नयेत.

पोलीस ठाण्यात काय करायचं?

तक्रार लेखी द्यावी आणि तिची पोच घ्यावी. हद्दीचा प्रश्न काढून परत पाठवता येत नाही. कुठल्याही ठाण्यात "झिरो" एफआयआर नोंदवता येतो आणि तो नंतर त्या हद्दीत पाठवला जातो. भिंगारला माहेरी आलेल्या बाईनं सासरच्या जिल्ह्यापर्यंत हेलपाटा मारायची गरज नाही. एफआयआरची प्रत तिला फुकट मिळते. नुसती एनसी घेऊन बोळवण होत असेल किंवा तक्रारच घेतली जात नसेल तर तीच तक्रार टपालानं पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. तिथंही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेट कोर्टाचा रस्ता उघडा आहे.

वकिलाचा खर्च हे अडून बसण्याचं कारण नाही. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयात असतं आणि तालुका कोर्टात तालुका समिती असते.

राहायला जागा नसेल तर केंद्र सरकारच्या योजनेतलं "सखी" वन स्टॉप सेंटर आहे. तात्पुरता आसरा, दवाखाना, पोलीस, वकील आणि समुपदेशन एका छताखाली मिळावं म्हणून २०१५ पासून ही केंद्रं जिल्ह्याजिल्ह्यांत सुरू झाली. जवळच्या केंद्राचा पत्ता १८१ वर मिळतो.

आसरा देण्याची रीत आपल्याकडं जुनी

अडलेल्या बाईला दार उघडणं हे काही शहरातून किंवा परदेशातून आलेलं खूळ नाही. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचं शिक्षण घेतलं ते याच नगरमध्ये, मिस फरार यांच्या संस्थेत. पुढं १८६३ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांना तिथं नाव न विचारता आसरा मिळत होता. लोकांनी तेव्हाही "घरातली गोष्ट बाहेर कशाला" असंच म्हटलं असणार. अलीकडं १९८९ पासून नगरमध्ये स्नेहालय ही संस्था निराधार आणि पिळवणूक झालेल्या बायका-मुलांसाठी काम करते आहे. पोलीस ठाण्यातच समाजसेविका बसवून बायकांना मदत द्यायचा महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष हा प्रयोगही महाराष्ट्रातलाच. टाटा समाजविज्ञान संस्थेनं १९८४ मध्ये मुंबई पोलिसांसोबत तो सुरू केला आणि नंतर इतर जिल्ह्यांतही पोचला.

माहेरच्यांनी एवढं करावं

मे २०२५ मध्ये पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात एका तरुण विवाहितेच्या मृत्यूनं राज्य हळहळलं. हुंड्यासाठी छळाचा आरोप त्या प्रकरणात झाला. न्यायनिवाडा कोर्ट करील. त्या वेळी गावोगावच्या पारावर एकच चर्चा होती, "माहेरच्यांना आधी कळलं नसेल का?" हा प्रश्न दुसऱ्याच्या घराबद्दल विचारणं सोपं असतं. तो आपल्या लेकीबद्दल, ती जिवंत असताना विचारायचा असतो.

लेक नांदायला गेली म्हणजे परकी झाली नाही. महिन्यातून एकदा तिला एकटीला भेटावं, सासूसमोर नव्हे. "सगळं बरं आहे ना?" असं विचारलं तर ती "हो" म्हणणारच. त्याऐवजी विचारावं, "तुला तिथं कोणाची भीती वाटते का?" उत्तर द्यायला तिला वेळ लागला, डोळे भरले, तर तेच उत्तर आहे. लग्नात खर्च झाला, लोक काय म्हणतील, धाकटीचं लग्न व्हायचंय, झाकली मूठ सव्वा लाखाची, ही सगळी कारणं खरी असतात. पण त्या मुठीत लेकीचा जीव असतो.

हे नंबर लक्षात ठेवा

११२ : तातडीची पोलीस मदत
१८१ : महिला हेल्पलाइन
१०९८ : मुलांसाठी चाइल्डलाइन
१५१०० : मोफत कायदेशीर मदत
७८२७१७०१७० : राष्ट्रीय महिला आयोगाची हेल्पलाइन

ही माहिती गावाच्या ग्रुपवर जरूर टाका. मात्र ज्या बाईला त्रास आहे असं वाटतं, तिच्या मोबाईलवर थेट पाठवू नका. तो मोबाईल आधी कोण बघतं हे आपल्याला ठाऊक नसतं. तिला नळावर, शेतात, अंगणवाडीत, बचत गटाच्या बैठकीत तोंडी सांगा. तीन आकडी नंबर आहे, लिहून द्यायचीही गरज नाही : एक-आठ-एक.